भित्र्या बाईचा हंगामी पास

मी मुळात भित्री बाई. लपवून काय करायचं? शिडीच्या तिसऱ्या पायरीवर माझे पाय लटपटतात, लिफ्ट सुरू झाली की मी भिंत धरते, आणि जत्रेतला आकाशपाळणा मी लग्नाआधी एकदा आणि लग्नानंतर एकदा बघितलाय, दोन्ही वेळा खालूनच. अशा बाईच्या नावावर 'नंदनमाळ' करमणूक बागेचा हंगामी पास असेल, आणि त्या बागेतल्या सगळ्यांत दांडग्या खेळात, म्हणजे 'वावटळी'त, ती एका हंगामात चाळीसेक वेळा बसेल, असं मला कुणी गेल्या दिवाळीत सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हे सगळं झालं आमच्या यांच्यामुळे. हे म्हणजे विलास खबाले, एसटीचे वाहक, कराड आगार. आता बस आपली आपण घाट चढते आणि उतरते, चालकाची खुर्ची काढून तिथं सामानाची फळी केलीय, मग वाहक कशाला, असं शहरातले लोक विचारतात. त्यांनी एकदा बाजाराच्या दिवशी कराड-चिपळूण बसमध्ये चढावं. 'पुढं सरका' असं यंत्रानं सांगितलेलं आपल्याकडं कोण ऐकतो? म्हातारीचं गाठोडं कोण चढवणार, आणि खिडकी कुणी उघडायची यावरचं भांडण कोण सोडवणार? बसमध्ये एकच सरकारी माणूस उरलाय आणि तो वाहक. म्हणून तो धडधाकट लागतो.

आणि आमचे हे होतेच तसे. अठ्ठावीस वर्षं कुंभार्ली घाटाच्या वळणांवर प्रवासी एकमेकांच्या अंगावर पडत असायचे आणि हे मधल्या वाटेत दोन पाय रोवून उभे. वरची दांडी कधी धरली नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या गाडीतून गेले, तेव्हा पूर्ण घाटभर डोळे मिटून बसले होते. मधे एकदा उघडले, तर हे उताराला हिंदोळत पास बघत चाललेले. मला इतका अभिमान वाटला होता, की क्षणभर भीती वाटायचीच राहून गेली.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात यांना मूत्रपिंडाचा संसर्ग झाला आणि तो रक्तात उतरला. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. शेवटी एका जालीम औषधाच्या इंजेक्शनांनी जीव वाचवला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की हे औषध कधीकधी कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियावर जातं. सही मी केली. जीव की तोल, असं विचारल्यावर कुणीही तेच करील. त्या डॉक्टरांचं नाव निघालं की मी आजही हात जोडते.

पण तोल गेला तो गेलाच. आपल्या कानाच्या आत द्रवानं भरलेल्या बारीक नळ्या असतात आणि त्यांच्यात केसांसारख्या पेशी. डोकं हललं की द्रव हलतो, केस वाकतात, आणि मेंदूला कळतं की हललो ते आपण, जग नव्हे. यांच्या त्या पेशी बहुतेक मेल्या. चालायला लागलं की रस्ता, भिंती, पाट्या सगळं उसळायचं. अंधारात तर उभंही राहता यायचं नाही. सोडा-लिंबू सोडून आयुष्यात काही न प्यायलेला माणूस, पण गल्लीत कुजबुज सुरू झाली की खबाले कंडक्टर घ्यायला लागले.

आगारानं सवड दिली होती. जानेवारीच्या अखेरीला साताऱ्यात वैद्यकीय मंडळापुढं उभं राहायचं. तोल सिद्ध झाला तर पुन्हा बसवर, नाहीतर कायमचं घरी. घरी म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. सकाळी सात दहाची गाडी नाक्यावरून गेली की हे खिडकीत बसल्या बसल्या घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "चार मिनिटं उशीर हाय." एवढंच. पुढं दिवसभर बोलणं नाही. हसता-बोलता माणूस माझ्यासमोर कुलूप लागल्यासारखा झाला होता, आणि मला किल्ली सापडत नव्हती.

दिवाळीनंतर आगाराच्या लोकांची सहल महामार्गालगतच्या नंदनमाळला गेली. मित्रांनी यांना दोन बाजूंनी धरून वावटळीत बसवलं. मी खाली बाकावर पर्स छातीशी धरून बसले होते. खेळ संपला. थोड्या वेळानं हे आले आणि माझ्यापुढं उसाच्या रसाचा पेला धरून म्हणाले, "घे, बर्फ कमी घातलाय."

मी पेल्याकडं बघितलं. दोन्ही हातांत दोन काठोकाठ भरलेले पेले. रसाचं गुऱ्हाळ बाकापासून चांगलं पन्नास पावलांवर होतं. बोटांवर थेंब नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही चालत आलात."

यांनी मागं वळून त्या वाटेकडं बघितलं. मग खाली बघितलं. मग हळूच दोन्ही पेले बाकावर ठेवले आणि काही न धरता उभे राहिले. वीस मिनिटांनी त्यांना पुन्हा माझा खांदा लागला. पण ती वीस मिनिटं आम्ही दोघांनी बघितली होती. दुसऱ्याच दिवशी यांनी हंगामी पास काढला. आयुष्यभर दुसऱ्यांचे पास बघितलेला माणूस, फाटकाचं यंत्र चेहरा ओळखून आपसूक उघडत असताना, त्याच्यापुढं छाती काढून "पास!" म्हणायचा.

ही किमया काय, ते आम्हाला आफरीननं समजावलं. आफरीन मुजावर, वावटळीची अभियंता, पंचविशीची मुलगी, इस्लामपूरची. ती म्हणाली, वावटळीतल्या गाड्या खरंतर फारशा हलतच नाहीत. जमिनीपासून वीस फुटांवर खांबाखांबांवरून सावकाश सरकतात, जराशा कलतात, एवढंच. बाकीचं घोंघावणं, कोसळणं, उलटंपालटं होणं हे कानामागं लावलेल्या दोन पट्ट्यांतून होतं. त्यातून अगदी सौम्य विजेचे झोत जातात आणि तोलाच्या नसेला खोटं सांगतात, की पडलास, फिरलास, उलटा झालास. प्रत्येकाचे कान वेगळे असतात. म्हणून यंत्र रोज येणाऱ्याचे कान शिकत जातं, आणि पासवाल्याला जास्त रंगत येते.

"पण काका ठीक झाले ते झोतांमुळं नाही," ती म्हणाली. "दोन झोतांच्या मधे आम्ही एक हलकी खरखर सोडतो. कसलीही लय नसलेली वीज. पुढचा झोत ताजा वाटावा, एवढ्यासाठीच. काकांच्या थोड्या पेशी जिवंत आहेत, पण त्यांचा निरोप इतका बारीक आहे की मेंदूच्या उंबरठ्याशी अडतो. कोंबडीचं पिल्लू असतं ना, काकू? उंबरठा त्याला उंच. पण त्याच्या पायाखाली कुणी सारखी चाळण हलवत राहिलं, तर उसळता उसळता मधेच एखाद्या वेळी ते पलीकडं पडतं. तशी ही खरखर निरोपाला उसळी देते. आणि रोज दिली, तर मेंदू तो निरोप ऐकायला शिकेल, असं मला वाटतं."

तसंच झालं. वीस मिनिटांची चाळीस झाली, मग दोन तास, मग यांनी एका संध्याकाळी चौकातून कोथिंबीर आणली. एकटे गेले, एकटे आले. लोक वावटळीत घेरी यावी म्हणून बसतात, आणि आमचे हे घेरी जावी म्हणून. त्या कोथिंबिरीची मी चटणी केली आणि करताना रडले. वर हे म्हणाले, मिरची तिखट आहे.

पण यंत्राचा एक हट्ट होता. गिऱ्हाईक कंटाळता कामा नये. छातीच्या पट्ट्यातून ते नाडी, श्वास आणि घाम मोजायचं, आणि ज्याला भीती वाटेनाशी झाली त्याचे झोत वाढवायचं. झोत वाढले की मधली खरखर कमी. यांची नाडी तर बहात्तर म्हणजे बहात्तर. महिन्याभरानं यंत्रानं ठरवलं, हा पासवाला कंटाळलाय. त्या दिवशी हे वावटळीतून उतरले ते थेट ओकायलाच, आणि घरी मी त्यांना रिक्षातून आणलं.

आफरीननं मुख्य कचेरीला लिहिलं, की यांच्यापुरते झोत वाढू नयेत असं करू द्या. 'विनंती विचाराधीन आहे' असं उत्तर आलं. सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

"काका, तुम्ही खरंच घाबरायचा प्रयत्न करा," ती म्हणाली.

"केला की. गाडीत तपासनीस चढलाय, असं मनात आणलं."

"मग?"

"भ्या कशाला वाटंल? माझी तिकिटं कायम बरोबर असायची."

आफरीन हसली, मग तिनं माझ्याकडं बघितलं. गाडीत दोन जण बसतात, ती म्हणाली, आणि यंत्र दोघांच्या भीतीची सरासरी धरतं. काकांच्या शेजारी खरोखर भिणारं माणूस बसलं तर झोत वाढणार नाहीत. हे लगेच म्हणाले, "तिला न्हाय जमायचं. तिला सांगू नगंस." ते ऐकून मात्र मला राग आला. न जमायला काय झालं? मी पर्स आफरीनच्या हातात दिली.

पहिल्या दिवसाचं मी फारसं सांगत नाही. मी यांच्या दंडावर पाच नखं उमटवली आणि खाली उतरल्यावर रसवाल्याला 'डॉक्टर' म्हटलं. पण यंत्र खूश झालं. एकशे चौतीस नाडी! झोत निवळले, खरखर वाढली, आणि दुपारी हे नाक्यापर्यंत गेले. मग मीही पास काढला. मंगळवारी बाग बंद, ते सोडून रोज सकाळी आम्ही दोघं. डबा घेऊन जायचो. माझा भित्रेपणा आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडत होता. त्याची मला मनातून ऐट वाटायची.

चूक झाली ती माझ्या हातून, आणि चांगल्या मनानं झाली. माझ्या आईनं लहानपणीच शिकवलं होतं, भीती वाटली की जोतिबाचं नाव घ्यायचं. श्वास आत घेताना एकदा, सोडताना एकदा, सावकाश. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, यांची परीक्षा जवळ आली, आपण नुसतं भिऊन काय उपयोग, देवालाही बोलवावं. म्हणून मी वावटळीत नाव घ्यायला लागले. चार दिवसांत यांची चाल पुन्हा बिघडली. मी आणखी मन लावून नाव घेतलं. त्यांचं आणखी बिघडलं. मी उपास धरला. आणि परीक्षा बारा दिवसांवर असताना हे मोरीच्या उंबऱ्यावर पडले. कपाळाला टाका पडला नाही, हे नशीब.

"बास झालं," जमिनीवर बसूनच हे म्हणाले. "ह्या खेळण्यावर माझं काय चालत न्हाय. मी घरी बसतो."

मी त्यांना उठवलं, रिक्षा बोलावली आणि तशीच नंदनमाळला नेली. आफरीननं आमचे सगळे आलेख पडद्यावर काढले. बराच वेळ बघत राहिली.

"काकू, पहिले दोन आठवडे तुमचा श्वास मिनिटाला पंचवीस. नंतर सहा. बरोब्बर सहा. एवढ्या संथ श्वासानं हृदय शांत होतं, नाडी उतरते. यंत्राला वाटलं, तुम्हीही कंटाळलात. तुम्ही तिथं काय करता?"

"नाव घेते," मी म्हटलं. "देवाचं."

आफरीननं मान खाली घातली. मग म्हणाली, "माझी दादीपण घाबरली की तस्बीहची माळ ओढते. तिला मी हे कसं सांगितलं असतं, कळत नाही." तिला मला दुखवायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. तेवढ्यासाठीच मी तिची जन्माची ऋणी आहे.

त्या संध्याकाळी मी देवापुढं बसले आणि स्पष्ट सांगितलं, की बारा दिवस वावटळीत मी तुला बोलावणार नाही, तू रागावू नकोस. बोलले खरं, पण दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत पट्टा आवळला गेला तेव्हा इतकं उघडं मला कधी वाटलं नव्हतं. तरीही व्हायचं ते झालंच. बाई भित्री असली तरी शरीर निर्ढावतं. तीसेक वेळा बसल्यावर माझं शरीर भ्यायला तयारच होईना. नाडी नव्वदच्या पुढं जाईना. झोत वाढायला लागले. परीक्षा आठ दिवसांवर.

नवव्या खांबापाशी गाडी कलली आणि हे एकदम म्हणाले, "आपल्या लग्नाला वर्ष झालं तवा मी एकदा पेढे आणलेले, आठवतंय?"

"आठवतंय. कारण विचारलं तर म्हणालात, असंच."

"घाटात दरड आली हुती. मी मागच्या बाकावरनं उठून पुढं गेलो पास बघायला, आन् त्या बाकावर हंड्याएवढा धोंडा येऊन पडला. खिडकी फोडून. मी उठून अर्धं मिनिटबी झालं नव्हतं."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. मी ओरडले, "खोटारडे!" मागच्या गाडीतल्या पोरी हसल्या. खाली केबिनमध्ये आफरीन आलेखावर एकशे अडतीस बघून उडाली, असं तिनं नंतर सांगितलं.

मग रोज एक. कोयनेच्या पुरात पुलावर गाडी बंद पडली, तेव्हा यांनी छातीएवढ्या पाण्यातून अकरा माणसं काढली होती. मला सांगितलं होतं, चाक पंक्चर झालं. एकदा ब्रेक गेला आणि त्या वेळच्या चालकानं गाडी डोंगराला घासून थांबवली. मला सांगितलं होतं, शर्टाला खिळा लागला. अठ्ठावीस वर्षं मी या माणसाच्या डब्यात चपात्या बांधत होते आणि समजत होते की हा सरळ रस्त्यानं जातो आणि सरळ रस्त्यानं येतो. तू भित्री, म्हणून सांगितलं नाही, हे म्हणायचे. मी चिडायचे, भांडायचे, दंडाला धरून हलवायचे. यंत्र तृप्त व्हायचं आणि यांच्या कानात खरखर सोडायचं. दुपारी हे गच्चीवर जिना चढून जायचे, आणि मी खाली स्वयंपाकघरात त्यांची पावलं ऐकत बसायचे. त्यातल्या प्रत्येक संध्याकाळी हा माणूस घरी परत आला होता आणि मी 'हातपाय धुवा' एवढंच म्हटलं होतं. मला कितीदा देव पावला होता, आणि मला पत्ताच नव्हता.

परीक्षेच्या दिवशी बाग उघडायच्या आधी आफरीननं आमच्यासाठी वावटळ चालू केली. परवानगी तिनं कुठून काढली, मी विचारलं नाही. पट्टे लागले. गाडी वर गेली. मी वाट बघत होते.

"आज काय?" मी विचारलं.

"संपलं," हे म्हणाले. "आता सांगण्यासारखं कायबी उरलं न्हाय."

पहिला झोत आला. मला काहीच वाटलं नाही. माझी नाडी उतरत असणार, हे मला कळत होतं आणि उपाय नव्हता. मग यांचा हात माझ्या हातावर आला. तळवा गार होता, ओला होता.

"उज्ज्वला," हे म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय. आज नापास झालो तर मी काय करू? मला घरी बसता येत न्हाय गं. मी त्या खिडकीतच मरंन."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. वाटलं, की आता माझं काळीज फाटेल. झालं उलटंच. माझ्या आतलं सगळं एकदम शांत झालं. घरात एक जण भ्याला की दुसऱ्यानं भिऊन चालत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण जमलं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि जोतिबाचं नाव घेतलं, मनातल्या मनात, सावकाश. भिण्याचं काम आज त्यांच्याकडं होतं. झोत वाढले नाहीत. मधली खरखर, ती ऐकू येत नाही, कानामागं नुसती मुंगी चालल्यासारखी वाटते, ती लांबच लांब चालू राहिली.

खाली उतरलो तर आफरीन डोळे पुसत होती. "काका, तुमचा आलेख आज पहिल्यांदा चढला," ती म्हणाली. हे तिच्या डोक्यावर हात ठेवून गाडीकडं चालू लागले.

साताऱ्याच्या त्या खोलीत डॉक्टरीणबाई होत्या आणि एक शिपाई. मला कोपऱ्यात उभं राहू दिलं. यांना एका जाड, मऊ गादीवर उभं केलं, पाय जुळवून, हात छातीशी. डोळे मिटून तीस सेकंद. बाईंच्या हातात यांची नाडी होती.

"एकशे सोळा," त्या म्हणाल्या. "खबाले, घाबरलात का?"

मला यांचं उत्तर माहीत होतं. छ्या, घाबरतो कशाला, असं म्हणत यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती.

"व्हय डॉक्टर," हे म्हणाले. "लई घाबरलोय."

"मग डोळे मिटा."

यांनी डोळे मिटले. मी सेकंद मोजले. अकराव्याला ते डावीकडं झुकले आणि आपले आपण परत आले. विसाव्याला पुन्हा जरासे. मग नाही. तीस झाले, बाईंनी थांबवलं नाही, चाळीस झाले. "उघडा," त्या म्हणाल्या, आणि कागदावर सही करायला वळल्या.

मी डॉक्टरीणबाईंचे आभार मानले. शिपायाचे मानले, त्याला कळेना कशाबद्दल. आफरीनला फोन करून तिचे मानले, तिच्या दादीला नमस्कार सांगितला. मग जिन्याच्या तोंडाशी हे थांबले होते, तिथं जाऊन त्यांचेही मानले.

"माझे कशापायी?" हे म्हणाले.

"खरं सांगितलंत म्हणून," मी म्हटलं.